आठ वर्षांच्या मुलाचा ऑनलाइन खेळ आणि खेळातला ‘मित्र’

प्रश्न : बोरिवलीची_आई

माझा मुलगा आठ वर्षांचा असून तिसरीत शिकतो. आम्ही दोघेही नोकरी करतो आणि लोकलने घरी पोहोचेपर्यंत साडेसात-आठ वाजतात. तोपर्यंत तो आजी-आजोबांजवळ असतो. पावसाळ्यात सोसायटीच्या आवारात खेळता येत नाही, तेव्हा आजोबांच्या टॅबवर त्याचा एक ऑनलाइन खेळ चालतो. वर्गातली बरीच मुले तोच खेळ खेळतात, आणि त्यांच्याबरोबर अर्थातच जगभरचे इतर खेळाडूही असतात. खाते त्याच्या मामेभावाने आजोबांच्या ईमेलवर उघडून दिलेले आहे.

परवा जेवताना तो सहज म्हणाला, की खेळातला एक मित्र त्याला फुकट नाणी देणार आहे, मात्र त्यासाठी दुसऱ्या एका ॲपवर यावे लागेल आणि हे घरी सांगायचे नाही. हा मित्र कोण, कुठला, किती वर्षांचा, यांपैकी काहीही त्याला सांगता आले नाही. खेळ सरसकट बंद करावा, असे घरात एक मत आहे. मला ते पटत नाही, कारण आमच्याकडे बंद झाला तर तो शेजारच्या फ्लॅटमध्ये जाऊन खेळेल. इतक्या लहान मुलाला सुरक्षितपणे खेळू देण्यासाठी नेमके काय करावे, आणि या मित्राचे काय करावे?

प्रतिसाद : पवईचा_प्रोग्रामर

ताई, तुमच्या लिहिण्यातली मला सर्वांत जास्त खटकलेली गोष्ट म्हणजे आजोबांचा ईमेल. मुलांसाठीची बंधने बहुतेक खेळांत खाते उघडताना दिलेल्या जन्मतारखेवर ठरतात, आणि घाईत घरातल्या मोठ्या माणसाची तारीख टाकली, की तिसरीतला मुलगा कंपनीच्या लेखी सत्तरीचा गृहस्थ होतो. मग एकही बंधन लागू होत नाही. तेव्हा आधी त्या खात्यात कोणते जन्मवर्ष नोंदले आहे ते पाहा.

तुम्ही खेळाचे नाव दिलेले नाही, म्हणून या वयाच्या मुलांत जास्त दिसणाऱ्या दोन खेळांविषयी लिहितो. रोब्लॉक्समध्ये नोव्हेंबर २०२४ पासून पालकाला आपले खाते मुलाच्या खात्याशी जोडता येते. ओळखपत्र किंवा क्रेडिट कार्ड वापरून आपण प्रौढ असल्याचे दाखवले, की खेळण्याचा वेळ, महिन्याचा खर्च आणि मित्रांची यादी यांवर स्वतःच्या फोनवरून लक्ष ठेवता येते. जानेवारी २०२६ पासून तेथे गप्पा मारण्यापूर्वी चेहऱ्यावरून वयाचा अंदाज घेतला जातो, आणि नऊ वर्षांखालील मुलांच्या गप्पा पालकाच्या संमतीशिवाय सुरू होत नाहीत. मुलाने कितीही हट्ट केला तरी त्या कॅमेऱ्यासमोर आजोबांना बसवू नका, नाहीतर मूल थेट मोठ्यांच्या गटात जाऊन पडेल.

माइनक्राफ्टमध्ये मुलाचे मायक्रोसॉफ्ट खाते पालकाच्या कुटुंब-गटात असेल, तर इतरांबरोबर खेळू द्यायचे की नाही हे पालक ठरवू शकतो. तेथे रेल्म्स नावाची सशुल्क खासगी जागा घेता येते. तिच्यात बोलावलेलेच खेळाडू येतात, मालकाखेरीज एका वेळी फार तर दहा. आठ वर्षांच्या मुलासाठी मला हाच मार्ग सर्वांत बरा वाटतो, कारण वर्गातली तीन-चार मुले आणि घरची भावंडे एवढ्यांतच खेळ राहिला, तर गप्पांवर पहारा ठेवण्याची फारशी गरजच उरत नाही.

प्ले स्टोअरवरचा वयाचा शिक्का पाहून निर्धास्त होऊ नये. तो खेळातल्या दृश्यांविषयी असतो. समोरचा खेळाडू काय बोलेल, याची हमी तो देत नाही. आयत्या सेटिंगवरही विसंबू नये. फोर्टनाइट बनवणाऱ्या एपिक गेम्सने २०२२ मध्ये ग्राहकांचे हित पाहणाऱ्या अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशन या सरकारी संस्थेबरोबर ५२ कोटी डॉलरची तडजोड केली, आणि मुलांसाठीसुद्धा आवाजी व लेखी संवाद आपोआप सुरू ठेवला होता, हा त्यातल्या प्रमुख आक्षेपांपैकी एक होता.

प्रतिसाद : गिरगावचे_आजोबा

वरील माहिती उत्तम आहे, परंतु दुपारी चार वाजता घरात जो असतो त्याला सेटिंग कळत नाहीत. आम्हाला पाळता येतील असे नियम द्या. मुंबईतल्या दोन खोल्यांत आवाजाचा त्रास नको म्हणून आपण मुलाच्या कानांवर हेडफोन चढवतो, आणि मग त्याच्याशी कोण काय बोलते हे कोणालाच ऐकू येत नाही. टॅब हॉलमध्येच राहील, आवाज खुला राहील आणि हेडफोन मिळणार नाही, एवढे सांगितलेत तर आजी-आजोबा ते नीट सांभाळतील. आमच्या मालिकेचा आवाज थोडा वाढवावा लागेल, इतकेच. फोनवर आलेला ओटीपी नातवंडाला वाचून दाखवायचा नाही, हेही आम्हा म्हाताऱ्यांना स्पष्ट सांगा, कारण नातवाने मागितले की आम्ही देऊन मोकळे होतो.

बंदीच्या मताशी मी अगदीच असहमत नाही. तिसरीतल्या मुलाला गप्पांची सोय असलेला खेळ हवाच कशाला?

प्रतिसाद : दादरच्या_वकीलबाई

आजोबांचा प्रश्न रास्त आहे, तथापि ताईंच्या मुलाबाबत ती वेळ निघून गेली आहे. अनोळखी माणसाकडून खाऊ घ्यायचा नाही, हे आपण सर्वच मुलांना शिकवतो. पण जो रोज संध्याकाळी बरोबर खेळतो आणि हरल्यावर मदतीला येतो, तो मुलाच्या लेखी अनोळखी राहिलेलाच नसतो. म्हणून मुलाला मागण्या ओळखायला शिकवावे : दुसऱ्या ॲपवर ये, फोटो पाठव, शाळा कोणती ते सांग, पासवर्ड दे, आणि घरी बोलू नकोस. यांपैकी एकही मागणी आली, की खेळ तेथेच थांबवून घरच्यांना सांगायचे. खेळाच्या आत शब्द गाळण्याची आणि तक्रार करण्याची काही तरी सोय असते, म्हणूनच असा माणूस मुलाला बाहेर काढू पाहतो.

ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबईत राज्य पोलीस मुख्यालयातील सायबर जागृतीच्या कार्यक्रमात अक्षय कुमार यांनी आपल्या मुलीचा अनुभव सांगितला होता. खेळ चालू असताना समोरच्याने आधी ती मुलगा की मुलगी हे विचारले आणि पुढे नग्न छायाचित्रे मागितली. तिने खेळ बंद केला आणि आईला सांगितले. तुमच्या मुलानेही जेवताना सांगितलेच आहे, ही मोठी जमेची बाजू आहे.

आता त्या ‘मित्रा’विषयी. नाण्यांचे आमिष पासवर्ड चोरण्यासाठीही दाखवतात, त्यामुळे त्याचा हेतू काय असेल याचा तर्क करीत बसू नका. त्याचे खेळातले नाव, प्रोफाइल आणि संभाषण यांची तारीख-वेळेसह छायाचित्रे आधी काढून ठेवा, मग खेळातच तक्रार नोंदवा आणि शेवटी त्याला ब्लॉक करा. आधी ब्लॉक केल्यास संभाषण दिसेनासे होण्याची शक्यता असते. प्रकरण लैंगिक बोलण्यापर्यंत किंवा छायाचित्रांपर्यंत गेलेले आढळले, तर ते माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ब आणि मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या २०१२ च्या पोक्सो कायद्याच्या कक्षेत येते. तक्रार राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर, जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा मुंबईतल्या पाच प्रादेशिक सायबर पोलीस ठाण्यांपैकी आपल्या भागातल्या ठाण्यात करता येते. मुलांच्या मदतीसाठी १०९८ आणि पैसे गेले असल्यास १९३० हे क्रमांक आहेत. मुलाचे तसे छायाचित्र पुरावा म्हणून नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटावर मात्र चुकूनही टाकू नका, कारण ते पुढे पाठवणे हाच स्वतंत्र गुन्हा ठरू शकतो.

बोरिवलीची_आई

सर्वांचे आभार. खात्यात खरोखरच आजोबांचे जन्मवर्ष आहे. संभाषण तपासले, नाण्यांपलीकडे काही निघाले नाही. आपण सुचवलेल्या क्रमाने तक्रार करून त्या खेळाडूला ब्लॉक केले आहे. अडचण अशी, की खऱ्या जन्मतारखेने नवे खाते उघडले तर त्याने जमवलेले सर्व काही जाईल, आणि त्यावरून घरात रडारड सुरू आहे.

प्रतिसाद : पवईचा_प्रोग्रामर

जुने खाते लगेच मोडू नका. कंपनीच्या मदत केंद्राला पालक म्हणून लिहून जन्मतारीख दुरुस्त करण्याची विनंती करा, आणि उत्तर येईपर्यंत गप्पांची सोय पूर्ण बंद ठेवून मित्रांच्या यादीत फक्त प्रत्यक्ष ओळखीची मुले राहू द्या. दुरुस्ती नाकारली गेली तर नवे खाते काढावेच लागेल. मात्र ही शिक्षा त्या मित्राविषयी सांगितल्यामुळे झाली, असे मुलाच्या मनात बसू देऊ नका, नाहीतर पुढच्या वेळी तो जेवताना काहीच बोलणार नाही. खेळाचा आणि आजोबांच्या ईमेलचा, असे दोन्ही पासवर्ड आजच बदला. मामेभावाला ते अजून ठाऊक असतील.