अनुभव धागा: अंदमानातल्या जपानी खुणा

सेल्युलर जेलबद्दल आपण भरभरून बोलतो. पण मार्च १९४२ पासून १९४५ पर्यंत अंदमान जपान्यांच्या ताब्यात होतं. त्या साडेतीन वर्षांच्या खुणा तुम्ही पाहिल्यात का? कुठे पाहिल्या, काय वाटलं, जरूर लिहा. सुरुवात मी करते.

रॉस बेटावर (आताचं नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप) बोटीतून उतरलो, तर जेटीजवळच जपानी बंकर. आत वाकूनच जावं लागतं, भिंती घामेजल्यासारख्या ओल्या. माझ्या आठ वर्षांच्या लेकीने फटीला डोळा लावला आणि म्हणाली, "आई, इथून आपली बोट दिसते." मला एकदम गलबलून आलं. ती फट त्याचसाठी तर ठेवली होती! वर चढून गेलं की पडकं चर्च लागतं. भिंती कोसळायच्या राहिल्यात त्या झाडांच्या मुळांनी आवळून धरल्यामुळे. १८५८ पासून इंग्रजांचा सगळा कारभार इथून चाले. १९४१ च्या भूकंपानंतर त्यांनी मुक्काम हलवला, पुढच्याच वर्षी जपानी आले. हरणं मात्र अगदी जवळ येतात.

*

बुधवारी रॉस बंद असतं. आम्ही नेमके बुधवारी जेटीवर! आधी विचारून घ्या, आणि दुपारच्या उन्हात चढ चढू नका.

*

बाबांचा हट्ट होता, हम्फ्रीगंजला जायचंच. पोर्ट ब्लेअरच्या (आताचं श्री विजयपुरम) बाहेर आहे, पर्यटक फारसे फिरकत नाहीत. ३० डिसेंबर १९४३ ला नेताजींनी पोर्ट ब्लेअरमध्ये तिरंगा फडकवला, हे आम्हाला शाळेपासून पाठ. पण बरोबर एक महिन्याने, ३० जानेवारी १९४४ ला, हेरगिरीच्या संशयावरून जपान्यांनी इथे ४४ जणांना गोळ्या घातल्या, आणि त्यातले बहुतेक इंडियन इंडिपेंडन्स लीगचेच, म्हणजे नेताजींच्याच स्वातंत्र्यसंघटनेचे होते, हे मला चाळिशीत कळलं. त्याच महिन्यात लीगचे इथले पुढारी डॉ. दिवाणसिंग सेल्युलर जेलमध्ये जपान्यांच्या छळाने गेले. सहलीच्या कार्यक्रमात ही जागा असायलाच हवी, असं मला मनापासून वाटतं. बाबांनी चपला काढल्या आणि बराच वेळ हात जोडून उभे राहिले. गाडीत बसल्यावर एवढंच म्हणाले, "आपलीच माणसं रे."

*

पोर्ट ब्लेअरजवळच्या कॉर्बिन्स कोव्ह किनाऱ्याच्या रस्त्यावरचे बंकर कुणी पाहिले का? डाव्या-उजव्या बाजूला नारळ, निळंशार पाणी, आणि मधेच काँक्रीटचं काळवंडलेलं डोकं वर आलेलं. पोरं पोहत होती, मी एकटीच एका बंकरशी रेंगाळले. आत वाळू साचली होती आणि तिच्यावर खेकड्यांच्या पावलांची बारीक नक्षी, थेट त्या फटीपर्यंत गेलेली.