सहावा हेन्री : दोष आजाराचा की राजाचा? (तळटीप, रानवाट आणि उंबरा या टोपणनावांच्या तिघांची चर्चा)

तळटीप : इंग्लंडच्या सहाव्या हेन्रीचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं : बिचाऱ्याला वेड लागलं, म्हणून ‘वॉर्स ऑफ द रोझेस’ ही यादवी पेटली. मला हे साफ नामंजूर आहे. त्याचं भान हरपलं ऑगस्ट १४५३ मध्ये. फ्रान्समधला इंग्रजांच्या ताब्यातला नॉर्मंडी प्रांत मात्र १४५० मध्येच हातचा गेला होता. त्याच वर्षी बंडखोर जॅक केडच्या मागे केंट परगण्यातली माणसं लंडनमध्ये घुसली, ती राजाच्या मर्जीतल्या मंडळींवर संतापून. १४३७ पासून कारभार त्याच्या हाती होता. मागेल त्याला जमिनी, मागेल त्याला पदं, आणि सगळी सूत्रं मर्जीतल्या सफोक या उमरावाकडे. हे सगळं शुद्धीवर असतानाचं आहे.

रानवाट : नऊ महिन्यांचं पोर गादीवर बसलं, हे विसरू नका. फ्रान्सच्या मुकुटाचं लोढणं बापाने १४२० च्या त्र्वाच्या तहाने गळ्यात बांधलेलं. १४३३ मध्ये खजिनदाराने हिशोब मांडला तेव्हा कर्ज सुमारे १,६८,००० पौंड होतं, आणि राजा अकरा वर्षांचा! १४३५ मध्ये बेडफर्डसारखा कर्तबगार काका वारला, तोवर इंग्रजांच्या बाजूची बर्गंडी फ्रेंचांना जाऊन मिळाली. ते राज्य कोण टिकवणार होतं? हेन्रीला शांतता हवी होती, आणि तेच शहाणपणाचं होतं.

तळटीप : १४५० पर्यंत तेच कर्ज ३,७२,००० वर गेलं, त्याचं काय? आणि शांतता हवी होती म्हणता, तर तह चालू असताना मार्च १४४९ मध्ये फ्रान्समधल्या फूझेर शहरावर इंग्रजांचा हल्ला कसा झाला? फ्रेंचांना आयतं निमित्त मिळालं आणि दीड वर्षात नॉर्मंडी संपली.

उंबरा : तुम्ही दोघंही फक्त लढाया मोजताय. १४४० मध्ये त्याने ईटनची शाळा काढली ती सत्तर गरीब मुलांना फुकट शिकवायला. पुढच्याच वर्षी केंब्रिजचं किंग्ज कॉलेज. १४७१ मध्ये लंडनच्या टॉवर किल्ल्यात त्याचा जीव घेतला गेला, तर लोक त्याच्या थडग्याला नवस बोलायला जाऊ लागले. ज्यांनी त्याचं राज्य भोगलं त्यांचीच ही श्रद्धा, मी तिला पुरावा मानते.

तळटीप : तो भला माणूस होता याचा पुरावा, एवढंच. तिकडे फ्रान्समधल्या शिपायांचे पगार थकत होते आणि इकडे तो कॉलेजांवर पैसा ओतत होता.

रानवाट : फूझेरचा डाव सफोकचा होता. राजाचा दोष असेलच तर त्याच्यावर विसंबून राहण्याचा, आणि वाढत्या वयात दरबारी काकांच्या भांडणांखेरीज दुसरं काही न पाहिलेल्या मुलाला मी त्याबद्दल नालायक म्हणणार नाही.