वारंवार ताप आणि एमईएफव्हीच्या रिपोर्टमध्ये ई१४८क्यू: मूल एफएमएफ (आनुवंशिक भूमध्यसागरी ताप) म्हणून मोजायचं का?

थिसिस_बालरोग:
वारंवार ताप येणाऱ्या २ ते १२ वर्षांच्या मुलांवर थिसिस आखते आहे. सहा महिन्यांत किमान तीन झटके, मधल्या काळात मूल ठणठणीत, मलेरिया, क्षय आणि लघवीचा संसर्ग वगळलेला. वर्गीकरणासाठी २०१९चे युरोफीव्हर/प्रिंटो निकष घेतले आहेत. अडचण अशी की जुन्या फायलींमधल्या बऱ्याच जनुक-रिपोर्टांत एमईएफव्ही या एफएमएफशी जोडलेल्या जनुकातला ई१४८क्यू हा बदल दिसतो, कुठे एकेरी (जनुकाच्या एकाच प्रतीवर), कुठे दुहेरी (दोन्ही प्रतींवर). काहींवर 'एफएमएफशी सुसंगत' असा शेरा आहे आणि कोल्चिसिन हे एफएमएफवरचं औषधही चालू आहे. ही मुलं एफएमएफ धरायची का? आणि झटक्याच्या वेळी नमुने कोणते घ्यावेत?

जनुक_प्रयोगशाळा:
फक्त ई१४८क्यूच्या जोरावर धरू नका. दक्षिण आशियाई लोकांत या बदलाचं प्रमाण साधारण ३० टक्के गुणसूत्रांवर आहे. म्हणजे १०० निरोगी माणसांत सुमारे ४२ जणांकडे एक प्रत, ९ जणांकडे दोन प्रती, आणि यातल्या कुणालाही आजार नाही. इतका सर्रास आढळणारा बदल भूमध्यसागरी ताप घडवत असता तर आपल्या ओपीडी त्यानेच भरल्या असत्या. २०१८च्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ-वर्गीकरणातही तो 'अर्थ अनिश्चित' याच गटात आहे. त्याच जनुकातल्या एम६९४व्ही या बदलाची गोष्ट वेगळी, तो निर्विवाद रोगकारक.

आता निकषांतली खरी फसगत. पक्का जनुक-पुरावा नसला तरी दोन्ही प्रतींवर 'अनिश्चित' बदल असतील आणि चारपैकी दोन लक्षणं जुळली (१ ते ३ दिवसांचा झटका, सांधेदाह, छातीत दुखणं, पोटदुखी), तर मूल एफएमएफमध्ये बसतं. दोन दिवस ताप आणि पोटदुखी कुठल्या मुलाला होत नाही? हे निकष ज्या रुग्णांवर बेतले ते मुख्यतः युरोप आणि भूमध्यसागराभोवतालचे. आपल्याकडे ते जसेच्या तसे लावले तर निव्वळ योगायोगाने एफएमएफची संख्या फुगेल. प्रोटोकॉलमध्ये आधीच लिहून ठेवा की ई१४८क्यू जनुक-पुरावा म्हणून मोजला जाणार नाही. त्याची नोंद मात्र करा.

आणखी एक. ई१४८क्यू पुष्कळदा पी३६९एस आणि आर४०८क्यू या बदलांसोबत एकाच गुणसूत्रावर येतो. रिपोर्टमध्ये तीन बदल दिसतात आणि वाचणाऱ्याला वाटतं दोन्ही प्रती बिघडल्या. आईवडिलांचे नमुने तपासल्याशिवाय 'दुहेरी' लिहू नका.

ज्वर_क्लिनिक:
नमुन्यांबद्दल. सीआरपी (रक्तातून दाह मोजणारी तपासणी) झटक्याच्या दुसऱ्या दिवशी आणि ताप उतरल्यावर दोन आठवड्यांनी, अशी जोडी हवी. झटक्यात सीआरपी, ईएसआर किंवा एसएए या दाहाच्या तपासण्यांपैकी एकही वाढलेली नसेल तर हे निकष लावता येत नाहीत. फॉर्मवर एकक छापून घ्या: काही लॅब मिलिग्रॅम प्रति लिटर देतात, काही प्रति डेसिलिटर, आणि एक्सेलमध्ये दहापट चूक कुणाच्या लक्षात येत नाही.

मेव्हॅलोनेट कायनेजच्या कमतरतेसाठी (वारंवार ताप आणणारा दुसरा आनुवंशिक आजार) लघवी ताप असतानाच घ्या आणि लगेच गोठवा. मधल्या काळात मेव्हॅलोनिक आम्ल नॉर्मल येऊ शकतं. आयजीडी या रक्तातल्या प्रतिपिंडावर विसंबू नका, लहान मुलांत ते बरेचदा वाढलेलं नसतं.

साधारण २१ दिवसांच्या अंतराने येणाऱ्या तापात न्यूट्रोफिल (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) आठवड्यातून दोनदा, सहा आठवडे मोजा. एकच सीबीसी, तीही तापाच्या दिवशी, चक्रीय न्यूट्रोपेनिया (या पेशी ठरावीक अंतराने घटण्याचा आजार) सहज चुकवते, कारण तोवर पेशी वर यायला लागलेल्या असतात.

पाच वर्षांखालच्या मुलांत पीएफएपीए (ठरावीक अंतराने ताप, तोंडात व्रण, घसादुखी आणि मानेच्या गाठी) फार जास्त सापडेल. तिथे डायरीच सगळ्यात मोलाची: रोजचं तापमान, तोंडातले व्रण, घसा, मानेच्या गाठी, आणि दिलेलं प्रत्येक औषध. प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडच्या एका डोसने ताप काही तासांत उतरतो, पण पुढचा झटका लवकर येऊ शकतो. हा डोस डायरीत नसेल तर अंतराचं गणितच चुकतं.

थिसिस_बालरोग:
आभार. 'कोल्चिसिनने फरक पडला' हा निदानाचा आधार मानावा का? आणि चालू असलेलं औषध थांबवावं का?

संधिवात_बाल:
आधार मानू नका. पीएफएपीएचे झटके वयानुसार आपोआप विरळ होतात, आणि काही मुलांत कोल्चिसिननेही कमी होतात.

परिणाम मोजायचाच असेल तर झटक्याची व्याख्या आकड्यांत बांधा. २०१८मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॅनाकिनुमॅब या दाह रोखणाऱ्या इंजेक्शनच्या 'क्लस्टर' नावाच्या चाचणीत नवा झटका म्हणजे डॉक्टरांच्या मूल्यांकनात किमान २ गुण आणि सीआरपी ३० मिलिग्रॅम प्रति लिटर किंवा जास्त, दोन्ही एकत्र. कोल्चिसिनला न जुमानणाऱ्या एफएमएफमध्ये १६ आठवड्यांनी औषधाच्या गटात ६१ टक्के आणि प्लासिबोत ६ टक्के पूर्ण प्रतिसाद असा स्पष्ट फरक दिसला. अशा कडक व्याख्येत 'आईला बरं वाटतंय' एवढ्यावर प्रतिसाद ठरत नाही.

थांबवण्याचा निर्णय उपचार करणाऱ्या डॉक्टरांचा, थिसिसचा नाही. त्याआधी झटका नसतानाची सीआरपी, शक्य असल्यास एसएए, आणि लघवीतलं प्रथिन बघायला सांगा. एम६९४व्ही दोन्ही प्रतींवर असलेल्या मुलात थांबवण्याचा विचारही नको. तिथे मूत्रपिंडात अमिलॉइड हे घातक प्रथिन साचण्याचा धोका खरा आहे. आणि कोल्चिसिन चालू असेपर्यंत घशासाठी क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक कुणी लिहून देत नाही ना, हे पालकांना प्रत्येक भेटीत विचारा. त्याने कोल्चिसिनची पातळी जीवघेणी वाढू शकते.