सोसायटी ग्रुप: पडलेला पर्जन्यवृक्ष आणि लाकूड फोडायचं मशीन

सेक्रेटरी (ए-३०१): सर्वांना नमस्कार. मागच्या गेटजवळचा पर्जन्यवृक्ष पडला ते सगळ्यांनी पाहिलंच. कोणाला लागलं नाही हे नशीब. पालिकेची माणसं येऊन फांद्या तोडून रस्ता मोकळा करून गेली. खोडाचे ओंडके अजून पंप रूमच्या मागे पडून आहेत. लाकूडवाला विकत घेणं सोडा, न्यायचेच पैसे मागतोय. काय करायचं ते सुचवा.

बी-२०४: साहेब, होळीला दरवर्षी आपण लाकूड विकत आणतो. हेच फोडून ठेवू ना! हायड्रॉलिक स्प्लिटर, म्हणजे तेलाच्या दाबावर लाकूड फोडायचं मशीन मिळतं, व्हिडिओ टाकलाय बघा. २५ टनाचं, पेट्रोलवर चालतं. केवढाही ओंडका असू दे, दोन तुकडे. सोसायटीनेच घेऊन टाकू, पुन्हा झाड पडलं तरी कामाला येईल.

डी-१०३: पेट्रोलचं इंजिन आमच्या खिडकीखाली नको प्लीज. सासऱ्यांना दमा आहे, होळीच्या धुरानेच त्यांना दोन दिवस त्रास होतो.

बी-७०१: सी-६०२ च्या काकांकडे गावी असं मशीन आहे ना? काका, तुम्हीच सांगा.

सी-६०२: हो, आहे. मुरबाडच्या घरी अजून बंब आणि चूल दोन्ही चालू आहेत. जे गृहस्थ कुऱ्हाडीने लाकूड फोडून द्यायचे त्यांचं वय झालं, गावातली तरुण पोरं ते काम करत नाहीत, म्हणून घेतलं. ७ टनाचं आहे, विजेवर चालतं. माझी नोकरी ठाण्याच्या वागळे इस्टेटला, कारखान्यात हायड्रॉलिक प्रेसवर झाली, त्यामुळे हा विषय माझ्या जवळचा. जरा सविस्तर लिहितो, कंटाळू नका.

आधी टनाचं. मशीनची ताकद म्हणजे तेलाचा दाब गुणिले सिलिंडरच्या आतलं क्षेत्रफळ. त्या दाबाने रॅम, म्हणजे सिलिंडरमधला दांडा, पुढे सरकतो आणि ओंडक्याला पात्यावर रेटतो. कुऱ्हाड घावाने फोडते, हे मशीन सावकाश रेटून फोडतं. सरळ धाग्याचं लाकूड असेल, सुरूसारखं, तर ७ टन पुरतात. पातं दोन बोटं आत शिरलं की कडकड आवाज येतो आणि ओंडका शेवटपर्यंत आपोआप उकलतो. चिंच मात्र दाद देत नाही. खाटकाच्या दुकानातला ठोकळा चिंचेचा असतो तो उगाच नाही, तिचा धागा एकात एक गुंतलेला असतो.

आपला पर्जन्यवृक्ष दोघांच्या मधला. लाकूड हलकं, पण धागा पिळाचा. त्यात आत्ता ते पाण्याने भरलेलं आहे.

बी-२०४: म्हणजे काका, २५ टनाचंच लागेल ना?

सी-६०२: नाही. एका झाडासाठी सोसायटीने मशीन घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. एवढं जड धूड ठेवायचं कुठे? इमारतीखालच्या स्टिल्ट पार्किंगमध्ये? कोणीतरी पाऊस आहे म्हणून तिथेच ते चालू करेल. पेट्रोल इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो, त्याला वास नाही, रंग नाही. बंदिस्त जागेत ते चालवायचंच नसतं. शिवाय पडून राहिलेल्या मशीनचं ऑइल सील कडक होतं, टाकीत पाणी धरतं, आणि ज्याला त्यातलं काही कळत नाही तो एक दिवस बटण दाबतो. मशीनला एक मालक लागतो. कमिटी दर दोन-तीन वर्षांनी बदलते, तिच्याकडून ही देखभाल होणार नाही. हे कोणाला दोष देऊन म्हणत नाही.

माझं मशीन मी रविवारी घेऊन येतो. गावाहून टेंपो येतच असतो.

सेक्रेटरी (ए-३०१): काका, फार उपकार होतील. आम्ही तयारी काय करायची?

सी-६०२: पहिली गोष्ट, ओंडके. माझ्या मशीनवर साधारण ५२ सेंटिमीटर लांब आणि २५ सेंटिमीटर जाडीपर्यंतचा ओंडका बसतो. पंप रूमच्या मागचे खोडाचे ओंडके याच्या दुप्पट जाड आहेत. ते आधी चेन सॉवाल्याकडून (साखळीची करवत) उभे चिरून घ्यावे लागतील, चार-चार फाका. त्यालाच सांगा की दोन्ही टोकं काटकोनात काप. तिरकं टोक रॅमखाली आलं की ओंडका बाजूला उसळतो.

दुसरी, खिळे. या झाडावर दिवाळीच्या माळांसाठी किती वर्षं खिळे ठोकलेत आठवा. साल त्यांच्यावरून वाढून गेली आहे. चेन सॉची साखळी खिळ्यावर गेली तर तुटून उडू शकते, आणि माझ्या पात्याची धार जाईल. वॉचमनला म्हणावं, खोडाचा माणसाच्या उंचीपर्यंतचा भाग कुठला होता ते बघून खडूने खूण करून ठेव. तो भाग फोडायचाच नाही.

तिसरी, वीज. १५ अँपिअरचा अर्थिंग असलेला पॉइंट हवा आणि जाड वायर, कमीत कमी २.५ स्क्वेअर एमएम. घरातली बारीक एक्स्टेन्शन लावली तर व्होल्टेज पडतं, मोटर लोडवर गुरगुरते आणि तापते. पाऊस असेल तर काम बंद. उघड्यावर, ओल्या जमिनीवर विजेचं मशीन मी चालवणार नाही, कितीही आग्रह झाला तरी.

ए-५०४: पंप रूमच्या पॅनेलवरून पॉइंट काढून देतो मी. आरसीसीबी लावूनच, म्हणजे करंट गळला की वीज आपोआप बंद होईल.

सी-६०२: उत्तम. आता सगळ्यात महत्त्वाचं, ते वेगळ्या मेसेजमध्ये लिहितो. रविवारी येणाऱ्या प्रत्येकाने वाचावं.

मशीनवर एकच माणूस. ओंडका ठेवणारा तोच आणि मशीन चालवणाराही तोच. आपल्याकडे मदतीची पद्धत आहे, एक जण लिव्हर धरतो, दुसरा म्हणतो "थांबा, मी ओंडका सरळ करतो". बोटं सापडतात ती नेमकी तेव्हाच. लिव्हरवाल्याला वाटतं त्याचा हात निघाला, हातवाल्याला वाटतं रॅम थांबलाय. म्हणून या मशीनला दोन हात गुंतवून ठेवायची सोय असते. एका हाताने मोटरचं बटण दाबून धरायचं, दुसऱ्याने लिव्हर. एक जरी सोडलं तरी रॅम थांबतो. त्यातलं एक बटण दोरीने किंवा टेपने बांधून ठेवायचा "जुगाड" इंटरनेटवर दिसतो. तसं कोणी केलं तर मी त्या क्षणी मशीन बंद करून टेंपोत घालेन.

पर्जन्यवृक्षाच्या बाबतीत हे जास्त सांगतोय, कारण तो स्वच्छ फुटत नाही. दोन भाग होतात पण मध्ये धाग्यांचं जाळं राहतं, आणि हाताने ओढून वेगळं करावंसं वाटतं. तसं करायचं नाही. रॅम पूर्ण मागे येऊ द्यायचा, मोटर बंद करायची, ओंडका उचलून खाली घ्यायचा आणि कोयत्याने धागे तोडायचे.

ओंडका अडकला तर लिव्हर दाबून ताटकळत उभं राहायचं नाही. पाच सेकंदांत फुटला नाही तर तो फुटणार नाही, नुसतं तेल तापतं. मागे घ्या, फिरवून लावा, गाठ पात्यापासून लांब येईल असं बघा.

बी-७०१: काका, तेल गळतंय असं वाटलं तर पाइपवर हात फिरवून बघायचा का?

सी-६०२: अजिबात नाही! बरं झालं विचारलंत. गाडीच्या टायरमध्ये साधारण २ बार हवा असते. या होज पाइपमध्ये लोडवर २०० बारच्या आसपास दाब जातो. पाइपला सुईएवढं भोक पडलं तर तेलाची धार कातडीतून आत जाते. वरून फक्त एक ठिपका दिसतो, सुरुवातीला फार दुखतही नाही, म्हणून माणूस घरी जाऊन झोपतो. आतल्या आत मात्र बोट, कधी पूर्ण हात निकामी होऊ शकतो. तशी शंका जरी आली तर थेट सर्जन गाठायचा आणि "हायड्रॉलिक तेल आत गेलंय" असं स्वच्छ सांगायचं. गळती बघायची तर मशीनपासून लांब राहून पुठ्ठा धरून बघायची. नंतर मशीन बंद करून, दाब सोडून मग पाना लावायचा. तरी निघण्याआधी वागळे इस्टेटमधून नवीन होज क्रिम्प करून (टोकांना फिटिंग दाबून बसवून) घेतोच, जुना चांगला दिसतोय तरी.

डी-१०३: काका, धुराचं काय? ओलं लाकूड होळीत घातलं तर आम्हाला घर सोडून जावं लागेल.

सी-६०२: वहिनी, तुमचा मुद्दा अगदी बरोबर. म्हणूनच आत्ता फोडायचं. अख्ख्या ओंडक्याचं पाणी सालीतून फारसं निघत नाही, टोकांतून निघतं, त्यामुळे पुढच्या वर्षीही तो आत ओलाच सापडतो. फोडला की आतली बाजू उघडी पडते. पावसाळाभर ठाण्याच्या या हवेत काही वाळणार नाही हे खरं, पण ऑक्टोबरच्या उन्हात आणि थंडीच्या कोरड्या हवेत झपाट्याने वाळेल. जळणात २० टक्क्यांच्या आत ओल असावी. साधी परीक्षा म्हणजे दोन फाटी एकमेकांवर आपटायची. टणक आवाज आला तर वाळलं, भद्द आवाज आला तर राहू द्या. होळीच्या आधी मी स्वतः तपासेन आणि जे वाळलं नसेल ते जाळायचं नाही, असं आत्ताच ठरवू.

रचायचं विटांवर, जमिनीला टेकवून नाही. ताडपत्री फक्त वरून, बाजू मोकळ्या. आणि इमारतीच्या भिंतीला चिकटवून अजिबात नको, वाळवी आधी लाकडाला लागते आणि मग तळमजल्याच्या चौकटींना.

सेक्रेटरी (ए-३०१): उरलेलं लाकूड काकांनी गावी न्यावं असं मी सुचवतो. बंबाला होईल.

सी-६०२: आनंदाने नेईन, पण सोसायटीबाहेर लाकूड काढण्याआधी पालिकेच्या उद्यान विभागाला विचारून लेखी घ्या. शहरातल्या झाडांना १९७५ चा कायदा आहे आणि गाडी रस्त्यात अडवली तर कागद हातात असलेला बरा. पडलेल्या झाडाचे फोटो जपून ठेवा.

बी-२०४: ठीक, मशीन विकत घेण्याचा मुद्दा मी मागे घेतो. चेन सॉवाला मी आणतो. काका, रविवारी मुलांना बघायला आणू का? फार उत्सुक आहेत.

सी-६०२: आणा की. पण खुर्च्या जिमच्या भिंतीपाशी मांडा, ढलपी उडते. दोरी बांधून घेऊ. मशीनच्या पाच मीटरच्या आत फक्त मी आणि ओंडका. चप्पल घालून कोणी मदतीला यायचं नाही, बंद बूट हवेत. माझ्याकडे गॉगलची एकच जोडी आहे, फाटी रचणाऱ्यांनी आपापले आणा.

डी-१०३: एक विनंती. दोन मोठे ओंडके न फोडता बागेत बसायला ठेवता येतील का? इतक्या वर्षांचं झाड होतं, काहीतरी राहू दे.

सी-६०२: जरूर. गाठी असलेले दोन मी बाजूला काढतो, तसेही ते माझ्या मशीनला जुमानणार नाहीत. साल काढून टाका, किडे सालीखालीच राहतात, आणि खाली खडी घाला म्हणजे बूड कुजणार नाही.

ए-५०४: डी-१०३, साल काढायला मी येतो. रविवारी नऊला.