डर्बी शिंगरांची की घोड्यांची?

रेलिंगवरचा
जस्टिफाय या अमेरिकन रेसच्या घोड्याची कारकीर्द परत वाचली आणि परत चिडचिड झाली. १८ फेब्रुवारी २०१८ ला आयुष्यातली पहिली रेस. ९ जूनला बेलमाँट मारून अमेरिकेची ट्रिपल क्राउन, म्हणजे एकाच वर्षी तीन मोठ्या रेसा, पुरी. मधे फक्त १११ दिवस. सहा रेसा, सहा विजय, आणि जुलैत घोट्याच्या सुजेचं कारण देऊन निवृत्त! आमच्याकडे नवरदेवाच्या वरातीतली घोडीसुद्धा याहून जास्त सीझन काढते.

माझं म्हणणं सरळ आहे. सगळ्यात मानाच्या रेसा तीन वर्षांच्या घोड्यांसाठी ठेवणं हीच मुळात चूक. इंग्लंडची एप्सम डर्बी तीन वर्षांच्यांची, अमेरिकेची केंटकी डर्बी तीन वर्षांच्यांची. घोडा ओळखीचा होईपर्यंत तो स्टड फार्मवर, म्हणजे पैदाशीला, पोचलेला असतो. आपल्या मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सची इंडियन डर्बी बघा. २४०० मीटर, चार वर्षांच्यांची. लहानपणी वडिलांचं बोट धरून पॅडॉकपाशी उभा राहायचो, तेव्हा समोरून जाणारं जनावर भरलेलं दिसायचं. छाती, पुठ्ठे, मान सगळं जागच्या जागी. केंटकीच्या घोड्यांकडे बघून मला अजून मिसरूड न फुटलेली पोरं आठवतात.

सेक्रेटेरियटचंच घ्या. १९७३ च्या केंटकी डर्बीत त्याने प्रत्येक पाव मैल आधीच्या पाव मैलापेक्षा कमी वेळात काढला. घोडे शेवटी दमतात, हा वेग वाढवत गेला! मग बेलमाँट ३१ लांबींनी, म्हणजे ३१ घोड्यांएवढ्या अंतराने. आणि त्याच वर्षाअखेर घरी, कारण सीझन तापायच्या आतच पैदाशीच्या हक्कांचे वाटे विकून त्याचं ६०.८ लाख डॉलरचं सिंडिकेट झालं होतं आणि तीन वर्षांचा असतानाच थांबवायचं हे ठरलेलं होतं. चौथ्या वर्षी तो काय पळाला असता, हे आता कुणालाच कळणार नाही.

हिशेबी
दादा, तुमची चार वर्षं कागदावरची आहेत. आपल्याकडे सगळ्या घोड्यांचा वाढदिवस १ जानेवारीला. डिसेंबरात इंडियन २००० गिनीज ही रेस पळतो तो तीन वर्षांचा, आणि तोच पठ्ठ्या फेब्रुवारीत डर्बीला चार वर्षांचा! दोन महिन्यांत मिसरूड फुटलं का?

आणि स्टडला शिव्या देण्याआधी गणित बघा. इंग्लंडचा फ्रँकेल चौदापैकी चौदा जिंकून थांबला आणि पहिल्याच सीझनला त्याची पैदाशीची फी १,२५,००० पाउंड. एका घोडीची. नर वर्षाला शंभराच्या वर घोड्या फळवतो. थरोब्रेड म्हणजे रेसच्या जातीच्या घोड्यांत कृत्रिम रेतन चालत नाही, म्हणजे घोडा तिथे हजर हवा. एक पाय मोडला की सगळं गेलं. तुम्ही मालक असता तर पाचव्या वर्षी पळवला असता?

रेलिंगवरचा
जानेवारीचा मुद्दा मान्य. तरी आपल्या डर्बीतला घोडा जूनमधल्या एप्समवाल्यापेक्षा खरोखर सातआठ महिन्यांनी मोठा असतोच ना. त्या वयात ते थोडं नाही. आणि मालकाचं म्हणाल तर प्रामाणिकपणे सांगतो, मीही नसता पळवला. म्हणूनच नियम बदला म्हणतोय, मालकाच्या मनाच्या मोठेपणावर सोडू नका.

गुरांचा डॉक्टर
घोडा का अडला, भाकरी का करपली? न फिरवल्याने. आजीची गोष्ट इथे शब्दशः लागू आहे. पायाच्या नळीचं हाड भार पडेल तसं घट्ट होतं. दोन वर्षांच्या वयात थोडाथोडा वेगाचा सराव मिळालेला घोडा पुढे जास्त टिकतो. चार वर्षांपर्यंत पागेत उभा ठेवून मग एकदम पळवलात तर तोच आधी मोडेल. मणक्यातली वाढ पाचच्या पुढेही चालते हे खरं, पण म्हणून उशीर केला की घोडा वाचला, असं नाही. प्रश्न वयाचा कमी, किती आणि कसं पळवता याचा जास्त.

मुक्ता
मी शर्यतींच्या विरोधात आहे, आधीच सांगते. तुम्ही तिघेही वयावर भांडताय. २००८ च्या केंटकी डर्बीत एट बेल्स ही घोडी दुसरी आली. रेषा ओलांडल्यावर वेग कमी करताना पुढचे दोन्ही घोटे मोडले आणि तिला तिथेच ट्रॅकवर मारावं लागलं. २०२३ मध्ये ही डर्बी होते त्याच चर्चिल डाउन्स ट्रॅकवर वसंतातल्या सीझनमध्ये बारा घोडे गेले, शेवटी रेसा दुसऱ्या ट्रॅकवर हलवल्या. अर्धा टन वजन आणि बांबूसारखे पाय, हे तीनशे वर्षं माणसानेच घडवलंय.

आणि रेस संपल्यावर पुढे काय?

पुणेरी
पुढचं एक सांगतो. पूनावालांच्या स्टडमधले निवृत्त घोडे मुंबईच्या हाफकिन इन्स्टिट्यूटला जायचे, त्यांच्या रक्तातून धनुर्वाताविरुद्धचं सीरम निघायचं. तेव्हा ते आपणच का करू नये, या विचारातून १९६६ मध्ये सीरम इन्स्टिट्यूट उभी राहिली. अख्ख्या देशाने तिची लस टोचून घेतलीय.

मुक्ता
म्हणजे पाय थकले की रक्त. सुट्टी कधी?

रेलिंगवरचा
याला माझ्याकडे उत्तर नाही. एट बेल्सची रेस मी लाइव्ह बघितली होती, परत कधी बघितली नाही.

पण डॉक्टरांचं म्हणणं धरून पुढे जातो. विंक्स बघा, ऑस्ट्रेलियाची. सलग ३३ विजय, सात वर्षांची होऊन थांबली. मकाइबी दिवाने ३२०० मीटरचा मेलबर्न कप २००३ ते २००५ ओळीने तीनदा मारला. दोघी घोड्या. घोडीला वर्षाला एकच शिंगरू, म्हणून स्टडची घाई नाही. लोक त्यांना नावानिशी ओळखत होते, कारण ओळखायला वेळ मिळाला. तीनवेळा इंग्लंडची ग्रँड नॅशनल जिंकणारा रेड रम खच्ची केलेला, त्यालाही कुणी घाईने घरी नेलं नाही. म्हणजे दुखणं स्टडच्या पैशात आहे. एका घोड्याला वर्षाला किती घोड्या, यावर मर्यादा घाला. सगळं आपोआप सुटेल.

हिशेबी
घातली होती. थरोब्रेडची नोंद ठेवणाऱ्या अमेरिकेच्या जॉकी क्लबने २०२० मध्ये १४० चा आकडा ठरवला. बड्या स्टड फार्मनी कोर्टात खेचलं, २०२२ मध्ये मागे घेतला.

रेलिंगवरचा
मग एप्सम चार वर्षांच्यांची करा. परत पहिल्या मुद्द्यावर आलो.