ग्रीक शेजार : तुमचे अनुभव लिहा

मेलबर्नला आले त्या पहिल्या उन्हाळ्यात, जानेवारीत, शेजारच्या ग्रीक आजींनी कुंपणावरून एक जुडी पुढे केली. "व्लीता," म्हणाल्या. बघते तर माठ! कित्येक महिन्यांत दिसला नव्हता. त्या तो नुसता उकडतात, वरून ऑलिव्हचं तेल आणि लिंबू. मी लसूण-मिरची घालून परतला आणि वाटीभर त्यांना दिला. वाटी परत आली ती लिंबांनी भरून. तेव्हापासून आमची देवघेव सुरू आहे.

आजी ग्रीसमधल्या कालामाता शहराजवळच्या खेड्यातल्या. 1963 साली 'पात्रिस' बोटीने आल्या, तेव्हा 19 वर्षांच्या होत्या. लगेच शिवणाच्या कारखान्यात लागल्या. ट्राममध्ये बहिणीशी ग्रीक बोलल्या म्हणून एक माणूस अंगावर ओरडला होता. ते सांगताना अजून त्यांचा आवाज खाली येतो. मुलाला शाळेत 'वॉग' म्हणायचे, म्हणजे बाहेरून आलेल्यांना हिणवायची शिवी. डब्यातले ऑलिव्ह आणि फेटा चीज बघून पोरं नाक दाबायची. एक दिवस तो म्हणाला, मला पांढऱ्या पावाला व्हेजिमाइट लावून दे. "त्या रात्री मी फार रडले," आजी म्हणाल्या. आज ओकली या उपनगरात, ग्रीक हॉटेलांच्या ईटन मॉलमध्ये त्याच जेवणासाठी सगळ्या जातीपातीची, सगळ्या देशांची माणसं टेबलाची वाट बघत उभी असतात, आणि तो मुलगा आपल्या नातवंडांना तिथे घेऊन जातो.

तुमच्याकडे ग्रीक शेजारी असतील, सहकारी असतील, सासर ग्रीक असेल, तर लिहा. खाण्याचं तर लिहाच, पण तिथल्या लोकांनी त्यांना आपलं कधी म्हटलं, म्हटलं का, तेही लिहा.

श्टुटगार्टहून

माझ्या एका सहकाऱ्याबद्दल लिहितो. मार्च 1960 मध्ये पश्चिम जर्मनी आणि ग्रीसमध्ये कामगारभरतीचा करार झाला आणि पुढच्याच वर्षी त्याचे वडील निघाले. निघण्याआधी थेसालोनिकीला जर्मन डॉक्टरांनी दातांपासून सगळं तपासलं. मग रेल्वेने म्युनिक, फलाट 11. तिथे उतरवून माणसं कारखान्यांत वाटून दिली जायची. वर्षभराने आईही गेली. हा गावी आजीजवळ राहिला. आठव्या वर्षी त्याला जर्मनीत आणलं, तेव्हा स्टेशनवर उभ्या असलेल्या आईला त्याने 'थिया' म्हणून हाक मारली. थिया म्हणजे मावशी, काकू. हे त्याने मला एकदाच सांगितलं, पुन्हा कधी तो विषय काढला नाही.

2010 नंतर ग्रीसवर कर्जाचं संकट आलं. इथल्या काही वर्तमानपत्रांत आळशी ग्रीकांबद्दल रकानेच्या रकाने येऊ लागले. कँटीनमध्ये कुणीतरी त्याला विचारलं, "आमचे पैसे कधी परत करणार?" हा माणूस 34 वर्षं इथे कर भरत होता. ताट तसंच ठेवून उठला. इतकी वर्षं ग्रीक हॉटेलांत गिरोस खाणाऱ्या, जेवणानंतर फुकटचा ऊझो पिणाऱ्या माणसांनी असं बोलावं, याचा मला आजही संताप येतो.

पुन्हा मेलबर्नहून

वरचं वाचून आजींना सांगितलं. त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, आमच्या गल्लीतही अशी तीन मुलं होती.

टोरांटोहून

ऑगस्ट 1918 मध्ये इथे जमावाने ग्रीकांची हॉटेलं फोडली होती. पहिल्या महायुद्धात सुरुवातीला ग्रीस तटस्थ राहिला, म्हणून त्यांच्यावर राग. मी हे वाचलं तेव्हा डॅनफर्थवर, इथल्या ग्रीक वस्तीत, राहून मला सहा वर्षं झाली होती. ईस्टरच्या मध्यरात्री लोक पेटत्या मेणबत्त्या जपत चर्चमधून घरी निघतात, ते दृश्य अंधाऱ्या रस्त्यावर फार सुंदर दिसतं. लाल अंड्यावर अंडं आपटून ज्याचं फुटत नाही त्याचं वर्ष चांगलं जातं, हा खेळ आमच्या मुलांनाही त्यांनीच शिकवला.

अस्टोरिया, न्यूयॉर्कहून

उपवासाबद्दल कुणीच कसं लिहिलं नाही? ईस्टरआधीच्या मोठ्या उपवासात मांस, दूध, अंडी बंद. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी त्या दिवसांत 'फावा' आणून दिला. पिवळ्या वाटाण्याची डाळ घोटून, वर कच्चा कांदा आणि लिंबू. म्हणजे घट्ट वरणच! मी गरम भातावर घेतला, तर त्यांना फार नवल वाटलं. त्या मुलांना नजर लागली की पाण्यात तेलाचा थेंब टाकून बघतात. माझ्या लेकीचीही काढली आहे.

सिडनीहून

माझं सासर ग्रीक. माझा बाप्तिस्मा झालेला नाही, त्यामुळे चर्चमध्ये लग्न होणं शक्यच नव्हतं. 1999 मध्ये आम्ही नोंदणी पद्धतीने केलं. सासरे आले नाहीत. सासूबाई मला 'क्सेनी' म्हणत, परकी. स्वतः परकेपण भोगलेल्या माणसांनी असं वागावं, हे मला तेव्हा कळत नव्हतं.

हळूहळू कळलं. सासरे कारखान्यात पाठीला इजा होऊन घरी बसले होते. 1978 मध्ये सिडनीत ग्रीकांच्या घरांवर पोलिसांच्या धाडी पडल्या. अपंगत्वाची पेन्शन खोटं सांगून घेतात, असा आरोप. बहुतेक खटले पुढे टिकलेच नाहीत, पण पेपरांत नावं येऊन गेली होती. यांच्या घरी कुणी आलं नाही. तरी सासऱ्यांनी त्यानंतर पाकीट आलं की ते आधी उजेडात धरून बघायची सवय कधी सोडली नाही. बाहेरचं कुणी घरात नको, ही भीती तिथली होती.

2011 मध्ये ते गेले. चाळिसाव्या दिवशी चर्चमध्ये 'कोलिवा' न्यायचा असतो. उकडलेला गहू, त्यात साखर, बदाम, बेदाणे, डाळिंबाचे दाणे. सासूबाईंचे हात थरथरत होते. त्यांनी मला स्वयंपाकघरात बोलावलं आणि गव्हाचं पातेलं पुढे सरकवलं. माझी आई खपली गव्हाची खीर करायची, त्यामुळे गहू कितपत शिजवायचा ते मला सांगावं लागलं नाही. चर्चच्या हॉलमध्ये बायकांनी विचारलं, कुणी केलं? सासूबाई म्हणाल्या, "नीफी माझी." नीफी म्हणजे सून.

त्यांची दृष्टी आता अधू झाली आहे. दर वर्षी गहू मीच उकडते आणि रात्रभर पंचावर पसरून ठेवते. डाळिंब मात्र त्या सोलतात.