मदत हवी आहे: ६० टनी डंपर कुशीवर पडलाय, उभा कसा करावा?

चंद्रपूरकडच्या खुल्या कोळसा खाणीत डंप यार्डची कड खचून डंपर डाव्या कुशीवर गेलाय. ऑपरेटर सुखरूप आहे. बॅटरी आयसोलेटर बंद, स्टीअरिंग अ‍ॅक्युम्युलेटरचं (दाबाखाली तेल साठवणाऱ्या टाकीचं) प्रेशर सोडलंय, दबलेल्या टायर-रिमजवळ कुणालाही फिरकू देत नाही.

स्लिंग (उचलायचे दोर) चेसिसला आणि मागच्या अ‍ॅक्सल हाऊसिंगला घालणार, केबिनला अजिबात नाही. एक क्रेन उचलेल, दुसरी विरुद्ध बाजूने धरून ठेवेल. नाहीतर तोल पलीकडे गेला की धाडकन चाकांवर आदळतो आणि सस्पेन्शन सिलिंडर जातात.

अडलंय ते असं. बॉडी (माल ओतायचा हौदा) अर्धी वर असतानाच पडलाय. होइस्टच्या (बॉडी उचलणाऱ्या जॅकच्या) आणि मागच्या पिना काढून बॉडी आधी वेगळी करावी, की तशीच बांधून उचलावी? पिनांवर ताण किती आहे ते दिसत नाही, म्हणून हात लावलेला नाही.

इंजिन आडवं असल्याने ऑइल सिलिंडरमध्ये उतरलं असणार. सेल्फ मारला तर कनेक्टिंग रॉड वाकतील, तेव्हा इंजेक्टर काढून हातानेच फिरवू. पण आफ्टरकूलरमध्ये (इंजिनात जाणारी हवा थंड करणाऱ्या भागात) साचलेलं ऑइल न खोलता पूर्ण निघतं का? राहिलं तर इंजिन तेच इंधनासारखं ओढून आवरेनासं पळत सुटेल, ही भीती.

केबिनवरच्या रॉप्सचा (गाडी उलटली तर ऑपरेटरला वाचवणाऱ्या चौकटीचा) खांब वाकलाय. 'तापवून सरळ करा' असा आग्रह चाललाय. माझ्या मते तो बदलायलाच हवा. उत्पादकाचं लेखी काही कुणाकडे आहे का?